गंजलेली जुनी लुना कमी खर्चात पुन्हा रस्त्यावर आणताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावाकडच्या पडवीत, गोठ्याच्या कडेला, वाड्याच्या जिन्याखाली अजून कितीतरी लुना उभ्या आहेत. टायर बसलेले, सीट उंदरांनी कुरतडलेली, हँडलवर कोळिष्टकं. इटलीतल्या पियाजिओ कंपनीच्या चाओ या मोपेडवर बेतलेली ही ५० सीसीची गाडी कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ साली आणली. शिक्षक, ग्रामसेवक, दूधवाले आणि विमा एजंट यांच्या घरात आलेलं पहिलं इंजिन बहुधा हेच. तिची रचना इतकी सोपी आहे की थोडी हत्यारं, एक कोपरा आणि चिकाटी असलेल्या कोणालाही ती पुन्हा चालती करता येते. लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. दुसरी कुठली जुनी टू-स्ट्रोक मोपेड असेल तरी यातलं बरंचसं लागू पडेल.

गाडी हाती घेण्याच्या लायकीची आहे का, हे कसं ओळखायचं?

गंज बघून घाबरू नका, आणि गंज कमी आहे म्हणून खूशही होऊ नका. वरवरचा लाल गंज हाताने निघतो. खरा खर्च हरवलेल्या भागांचा असतो. कार्बोरेटर, मॅग्नेटोचं (वीज तयार करणाऱ्या यंत्रणेचं) फ्लायव्हील, सायलेन्सर, इंजिनची झाकणं आणि पायडलची यंत्रणा जागेवर असेल, तर गाडी कितीही भयाण दिसत असली तरी घ्यावी. यातलं दोन-तीन गायब असेल, तर चकचकीत गाडीसुद्धा महाग पडते.

त्यानंतर फ्रेम तपासा. स्टँड जिथे बसतो ती जागा, पाय ठेवायच्या भागाची खालची बाजू आणि मागच्या चाकाजवळचे सांधे यांवर जुन्या स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हलकं ठोका. पत्रा शाबूत असेल तर टणक आवाज येतो. पापुद्रे सुटून बद्द आवाज आला, तर टोकाने टोचून पाहा. टोक आत गेलं तर तिथे पत्रा कापून नवा जोडावा लागणार. एखाद्या जागी असेल तर चालेल. हँडलच्या मानेजवळ असेल तर मात्र ती गाडी सुट्या भागांसाठी ठेवा, चालवण्यासाठी नको. मान तुटली की माणूस पडतो.

कागद नाहीत. आधी गाडी करू, कागद नंतर बघू, असं चाललं तर?

चालणार नाही. आधी कागद. रंग सुकल्यावर कळलं की नोंदणीच रद्द झालेली आहे, तर केलेला सगळा खर्च अंगणात शोभेला उभा राहतो.

खाजगी दुचाकीची नोंदणी पहिल्यांदा पंधरा वर्षांसाठी असते आणि मग पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. त्यासाठी फॉर्म २५. आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) हरवली असेल तर फॉर्म २६. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर फॉर्म २९ आणि ३०. ज्यांच्या नावावर होती ते वारले असतील तर वारसाने फॉर्म ३१ भरायचा. वडिलांच्या किंवा आजोबांच्या गाडीला बहुतेक वेळा हाच लागतो, सोबत मृत्यू दाखला आणि वारसाचे कागद. जुन्या गाड्यांची माहिती अनेकदा ऑनलाइन सापडत नाही, कारण ती जुन्या रजिस्टरमध्येच पडून असते. अशा वेळी ज्या आरटीओत गाडी पहिल्यांदा नोंदली, तिथे जाऊन बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुन्या रजिस्टरमधली नोंद संगणकावर चढवून, घ्यावी लागते. हे काम वेळ खातं, म्हणून ते सुरू करून मगच पाना हातात घ्या.

नूतनीकरणाची फी दुचाकीला एप्रिल २०२२ पासून १,००० रुपये झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या दुचाकीसाठी ती २,००० झाली. शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर आहे आणि मुदत उलटून गेल्याचा दंड महिन्यांच्या हिशोबाने चढतो. तो आकडा आधी काढून घ्या. कधी कधी तोच सगळ्यात मोठा खर्च निघतो. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट, आणि त्याबरोबर पीयूसी आणि किमान थर्ड पार्टी विमा, हे सगळं लुनालाही लागतंच.

आमची लुना जुनी आहे, मग ती व्हिंटेज म्हणून नोंदवता येते का?

२०२१ साली केंद्राने जे नियम केले, त्यांत व्हिंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली आणि मूळ रचनेत मोठा फेरफार न केलेली गाडी. म्हणजे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची लुना आता त्यात बसू शकते, ऐंशीच्या दशकातली बसत नाही. व्हिंटेज नोंदणीची फी २०,००० रुपये आहे, आणि अशी गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशाच कामांना रस्त्यावर काढता येते. भाजी आणायला लुना काढायची असेल तर साधं नूतनीकरणच करून घ्या.

एकूण किती पैसे धरावेत?

गाडीची किंमत आणि आरटीओचा खर्च सोडून पंधरा हजार धरले, तर मी ते असे वाटेन: सहा हजार इंजिन आणि ठिणगीच्या कामाला, चार हजार टायर, ट्यूब, ब्रेक आणि केबलला, तीन हजार गंज आणि रंगाला, आणि दोन हजार न दिसलेल्या दुखण्यांसाठी बाजूला. शेवटचे दोन हजार खर्च होतातच.

बजेट बुडतं ते क्रमामुळे. लोक आधी रंग देतात, कारण रंग डोळ्यांना दिसतो. मग इंजिन उघडताना त्याच रंगावर ओरखडे येतात, पेट्रोल सांडून डाग पडतात आणि ब्रेकला पैसे उरत नाहीत. आधी गाडी चालली पाहिजे, मग थांबली पाहिजे, मग दिसली पाहिजे. रंगाला पैसे उरले नाहीत तर जुन्या रंगावर मेण पॉलिश मारून चालवा, काही बिघडत नाही.

खोलायला सुरुवात कुठून करायची?

फोटोंपासून. प्रत्येक वायर, प्रत्येक केबलची वाट, प्रत्येक स्प्रिंग कुठल्या भोकात अडकवली आहे, ते सगळं. नट-बोल्ट एका डब्यात टाकू नका. दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन वाळवा, एकेका भागाचे नट-बोल्ट एकेका पिशवीत घाला आणि आत कागदावर नाव लिहून ठेवा. वायसर कोणत्या क्रमाने होते हे सहा महिन्यांनी कोणालाच आठवत नाही. म्हणून ते निघाले त्याच क्रमाने तारेत ओवून ठेवा.

जुना भाग नवा मिळेपर्यंत फेकू नका. तुटलेली केबलसुद्धा लांबीचं माप म्हणून लागते.

नट गंजून बसलेत, पाना फिरतो पण नट नाही. काय करावं?

घाई केली की बोल्ट तुटतो. आधी वायर ब्रशने आटे साफ करा. मग पेनिट्रेटिंग ऑइल मारा, किंवा डिझेल आणि ट्रान्समिशन ऑइल निम्मं-निम्मं करून थेंब सोडा आणि रात्रभर थांबा. सकाळी नटाच्या डोक्यावर हातोडीने सरळ, हलके ठोके द्या. त्या कंपनाने तेल आत शिरतं. उघडा पाना वापरू नका, कडा मारल्या जातात. सहा कोनांचा बॉक्स पाना घ्या. आधी किंचित आवळून मग सोडवायचा प्रयत्न केला तर बरेचदा गंजाची पकड सुटते. तरीही नाही निघाला तर नटाला उष्णता द्या, पण टाकी आणि कार्बोरेटर गाडीवरून काढल्यानंतरच.

अॅल्युमिनियमच्या इंजिनमध्ये बसलेल्या लोखंडी बोल्टला विशेष जपा. तिथले आटे गेले तर लेथवाल्याकडे जाऊन नवे आटे पाडावे लागतात.

गंज काढायचा सगळ्यात स्वस्त उपाय कोणता?

हाताची मेहनत, म्हणजे वायर ब्रश आणि पॉलिश पेपर. ८० नंबरने सुरुवात, मग १२०, मग २२०. फ्रेमसारख्या मोठ्या भागाला हेच करा. छोट्या लोखंडी भागांसाठी दोन चांगले उपाय आहेत.

पहिला सायट्रिक अॅसिडचा. वाण्याकडे लिंबूफूल मागितलं की मिळतं. एक लिटर कोमट पाण्यात साधारण ५० ते ८० ग्रॅम घालून प्लास्टिकच्या टबात भाग बुडवायचे. दर दोन-तीन तासांनी काढून ब्रशने घासायचे. गंज निघाला की लगेच बाहेर काढा, दिवसभर विसरून ठेवू नका. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, साध्या पाण्याने धुवा, लगेच पूर्ण वाळवा आणि तेलाचा हात द्या. ओला भाग तसाच ठेवला तर तासाभरात त्यावर पिवळसर गंज परत चढतो.

दुसरा विजेचा. प्लास्टिकच्या बादलीत पाणी घेऊन लिटरमागे एक मोठा चमचा धुण्याचा सोडा टाका. १२ व्होल्टच्या साध्या बॅटरी चार्जरची ऋण वायर गंजलेल्या भागाला आणि धन वायर भंगारातल्या लोखंडी पट्टीला जोडा. दोन्ही एकमेकांना टेकता कामा नये. गंज सुटतो आणि शाबूत धातूला धक्का लागत नाही. पट्टी स्टेनलेस स्टीलची कधीही घेऊ नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. यात हायड्रोजन निघतो, म्हणून हे काम उघड्यावर, ठिणगीपासून लांब. अॅल्युमिनियमचे भाग या बादलीत अजिबात नको, सोडा ते खातो. स्प्रिंग आणि चाकाचे स्पोक नको, कारण ताणाखाली काम करणारं कडक पोलाद हायड्रोजनने ठिसूळ होऊ शकतं.

संडास धुण्याचं अॅसिड वापरायचा सल्ला बरेच जण देतात. मी तो देणार नाही. ते गंजाबरोबर चांगला धातू खातं, त्याच्या वाफेने आजूबाजूची हत्यारं गंजतात आणि छातीला त्रास होतो तो वेगळाच.

क्रोमवर ठिपके-ठिपके गंज असेल तर स्वयंपाकघरातला अॅल्युमिनियम फॉइलचा चुरगळा पाण्यात भिजवून घासा. वरचा गंज निघतो आणि क्रोमला चरे पडत नाहीत. नवं क्रोम करून घेणं महाग आहे, या बजेटमध्ये तो विचार नको.

चॅसिस नंबरवर गंज आहे. तोही घासून काढू का?

थांबा. तिथे ग्राइंडर, सँडब्लास्टिंग, ८० नंबरचा पेपर, काहीही लावू नका. नंबर पुसला गेला किंवा त्यावर घासल्याच्या खुणा दिसल्या, तर आरटीओत चोरीच्या गाडीचा संशय येतो आणि ते निस्तरता निस्तरता वर्ष जातं.

त्या जागेवर आधी तेलात भिजवलेला कापूस रात्रभर ठेवा. सकाळी जुन्या टूथब्रशने घासा, मग टूथपिकने एकेका आकड्याच्या खाचेतली माती काढा. आकडे उघडे पडले की वर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासा. आकड्यांचा ठसा कागदावर उमटतो. तो आरसीशी ताडून पाहा, फोटो काढा आणि कागद जपून ठेवा. रंगाच्या वेळी या जागेवर मास्किंग टेप लावा आणि शेवटी हाताने अगदी पातळ थर द्या. इंजिन नंबरचंही तसंच.

टाकीच्या आत गंज आहे. नवीन टाकी मिळत नाही. साफ होते का?

भोकं पडलेली नसतील तर नक्की होते, आणि हे काम घरी करण्यासारखं आहे. काही मॉडेलांत टाकी सुटी निघते, काहींत फ्रेमच्या पत्र्यातच असते. सुटी असेल तर काम सोपं. फ्रेममध्ये असेल तर बाकी सगळं उतरवून फ्रेमच हलवायची तयारी ठेवा.

सगळं उघड्यावर करा. जुनं पेट्रोल आता पेट्रोल उरलेलं नसतं, डिंकासारखा चिकट, आंबूस वासाचा द्रव असतो, पण वाफ पेट घेऊ शकते. ते काढा, पेट्रोल कॉक काढा आणि भोकाला रबरी बूच लावा. गरम पाणी आणि धुण्याची पावडर घालून खळखळवा आणि ओतून द्या. चिकटपणा गेल्याशिवाय अॅसिड गंजापर्यंत पोचतच नाही. ही पायरी लोक गाळतात आणि मग म्हणतात की लिंबूफुलाने काही झालं नाही.

आता आत काहीतरी खरवडणारं हवं. खिळे टाकतात, पण ते कोपऱ्यात अडकले की निघत नाहीत. सायकलच्या जुन्या चेनचा हातभर तुकडा घ्या, एका टोकाला तार बांधून तार बाहेर ठेवा आणि टाकी सगळ्या बाजूंनी हलवा. लाल पाणी ओता. मग टाकी गळ्यापर्यंत सायट्रिक अॅसिडच्या पाण्याने भरा, अर्धवट नाही, कारण सगळ्यात जास्त गंज वरच्या पत्र्याला आतून असतो. रात्रभर ठेवा. पाणी आधी पिवळट होतं, मग गडद. सकाळी टॉर्च मारून बघा. करडा पत्रा दिसला तर झालं, लाल डाग असतील तर ताजं पाणी भरून पुन्हा.

यानंतर सोड्याचं पाणी, मग साधं पाणी, मग हेअर ड्रायरने खडखडीत वाळवणं. लगेच थोड्या पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनासाठी पेट्रोलमध्ये मिसळायचं तेल) जरा जास्त घालून आत फिरवा, म्हणजे पत्र्यावर तेलाचा थर बसतो.

गळती तपासायला टाकीवर बाहेरून शाळेतला पांढरा खडू घासा आणि पेट्रोल भरा. जिथे बारीक छिद्र असेल तिथे खडू ओला होऊन काळपट दिसतो. छिद्र सापडलं तर रेडिएटरवाल्याकडून कथलाचा डाग देऊन घ्या. टाकी रिकामी दिसते म्हणून कोणालाही तिच्यावर वेल्डिंग करू देऊ नका. आतल्या वाफेने टाकी फुटून माणसं मेली आहेत. धुतलेल्या टाकीतही पाणी भरून, फक्त छिद्राची जागा पाण्याबाहेर ठेवून डाग द्यायचा असतो.

इंजिन जाम आहे. ते गेलं का?

बहुतेक वेळा नाही. प्लग काढा, भोकातून डिझेल आणि ट्रान्समिशन ऑइलचं मिश्रण दोन-तीन चमचे सोडा आणि काही दिवस थांबा. मग फ्लायव्हीलच्या नटाला पाना लावून पुढे-मागे हळूहळू हलवा. फ्लायव्हीलवर हातोडी मारू नका, त्यातली चुंबकं निकामी होतात. पायडलवर उभं राहून जोरही देऊ नका. सुटलं नाही तर हेड उघडून पिस्टन कुठे चिकटलाय ते डोळ्यांनी बघा.

सुटलं की लगेच चालू करायचा मोह होतो. इतकी वर्षं उभ्या गाडीचे क्रँकचे ऑइल सील वाळून कडक झालेले असतात. टू-स्ट्रोक इंजिनमध्ये पेट्रोलचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं, म्हणून ती खोली हवाबंद असावी लागते. सील गळाला की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), इंजिन आपोआप रेस होतं आणि तापून पिस्टन खरंच अडकतो. सील स्वस्त असतात, मजुरी जास्त असते. इंजिन एकदा उघडलंच आहे तर सील आणि क्रँकचे बेअरिंग त्याच वेळी बदलून घ्या. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. तो घेऊन साध्या बेअरिंगच्या दुकानात गेलात तरी काम होतं, त्यावर लुना लिहिलेलं असण्याची गरज नाही.

कागदी गॅस्केट तयार मिळालं नाही तर गॅस्केटचा कागद आणा, इंजिनच्या तोंडावर धरा आणि गोल डोक्याच्या छोट्या हातोडीने कडेकडेने टकटक करत जा. कडेवर कागद आपोआप कापला जातो आणि अचूक आकार निघतो.

ठिणगी येत नाही. कॉइल गेली असेल का?

कॉइलचा नंबर शेवटचा लागतो. आधी नवा प्लग. मग प्लगची टोपी. मग इंजिन बंद करायच्या बटणाची वायर सोडून बघा, कारण तिचं आवरण फाटून ती कुठे फ्रेमला टेकली असेल तर ठिणगी मरते. आणि मग पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी वीज जोडणारी-तोडणारी छोटी धातूची जोडी.

फ्लायव्हीलला खिडक्या असतात. ते हळूहळू फिरवा, खिडकीतून पॉइंटची जोडी दिसते. वर्षानुवर्षं उभ्या गाडीच्या पॉइंटवर पांढरट-निळसर बुरशीसारखा थर असतो, त्यातून वीज जातच नाही. पॉइंटची बारीक कानस किंवा ४०० नंबरच्या पेपरची चिंचोळी पट्टी घेऊन दोन-तीन हात द्या. त्याहून जास्त नको, नाहीतर तोंडं वाकडी होतात. मग स्पिरिटमध्ये बुडवलेली जाड कागदाची पट्टी मिटलेल्या पॉइंटमधून ओढा. काळी रेघ उमटेल. ती उमटायची थांबेपर्यंत नवी पट्टी घेत राहा. शेवटी पॉइंट सगळ्यात जास्त उघडतात तिथे फ्लायव्हील थांबवून फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) ०.४ मिलिमीटरच्या आसपास फट ठेवा.

आता संध्याकाळच्या अंधुक उजेडात प्लग हेडला टेकवून पायडल मारा. निळी, कडक, टचकन आवाज करणारी ठिणगी हवी. पिवळी आणि लुळी असेल, किंवा पॉइंटवरच मोठ्या ठिणग्या उडत असतील, तर कंडेन्सर गेला. मी कंडेन्सर न तपासता सरळ बदलायला सांगतो. किंमत मामुली असते आणि जुना कधी दगा देईल याचा नेम नसतो.

कार्बोरेटर कसा साफ करायचा?

पूर्ण खोलून. वरवर स्प्रे मारून काही होत नाही. जेटच्या (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या छोट्या पितळी तुकड्याच्या) भोकात तार घालू नका. तारेने पितळेचं भोक मोठं झालं की गाडी पेट्रोल पिते आणि कारण सापडत नाही. कार्ब क्लीनरमध्ये भिजवा, टूथब्रशच्या एका केसाने मोकळं करा, हवा मारा आणि उजेडाकडे धरून आरपार बघा. भोक स्वच्छ गोल दिसलं पाहिजे. फ्लोट हलवून बघा, आत पेट्रोल खळखळलं तर तो फुटलाय. नवं पॅकिंग घालून पेट्रोलच्या नळीत छोटा फिल्टर लावा.

सायलेन्सर?

टू-स्ट्रोकमध्ये तो तेलकट काजळीने चोंदतो, आणि मग सगळं ठीक असूनही गाडीला जोर नसतो. आतली जाळी सुटी निघत असेल तर काढून भाजून घ्या आणि ठोकून काजळी पाडा. सिलिंडरच्या एक्झॉस्ट तोंडातला कार्बन बांबूच्या काडीने खरवडा, लोखंडाने नाही.

ब्रेक आणि टायर अजून बरे दिसतात. तेच ठेवले तर पैसे वाचतील ना?

इथे पैसे वाचवू नका. रबर बाहेरून बरं दिसतं आणि कडेला बारीक चिरा असतात. टायरच्या कडेवर लिहिलेलं माप वाचून तेच घ्या. सोळा इंची मोपेड टायर टीव्हीएस एक्सएल १०० मुळे आजही सहज मिळतात. त्या गाडीला २.५०-१६ लागतो. तुमच्या रिमवर आणि मडगार्डखाली तो बसतो का, हे मात्र दुकानातच बघून घ्या. ब्रेक शू नवे घाला. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ड्रममधली धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. केबल तयार नाही मिळाल्या तर जुनं माप देऊन बनवून मिळतात. आत तेल सोडायला विसरू नका.

सुटे भाग कुठे शोधायचे?

पुण्यात नाना पेठेतली दुकानं, आणि बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजार. नगरला तर लुनाचं माहेर, कायनेटिकचा कारखाना नगर-दौंड रस्त्यावर. त्या शहरातल्या जुन्या मेकॅनिकांच्या फळीवर अजून काही काही निघतं. पण माझा अनुभव असा, की तालुक्याच्या गावातलं जुनं स्पेअर पार्टचं दुकान शहरातल्या दहा दुकानांना भारी पडतं. तिथे वीस वर्षांपूर्वीचा न खपलेला माल छापील किमतीच्या आसपास मिळून जातो. जाताना जुना भाग हातात घेऊन जा. सुपर, टीएफआर, डबल प्लस, मॅग्नम अशी मॉडेलं होती आणि सगळ्यांचं सगळं एकमेकांना लागत नाही, म्हणून नावावर विसंबू नका, भाग भागाला लावून बघा.

दुसरी भंगारातली लुना मिळाली तर ती सुट्या भागांसाठी घेणं सगळ्यात फायद्याचं. फक्त तिची आरसी रीतसर रद्द झालेली आहे याची खात्री करा.

रंग कोणता आणि कसा?

आरसीवर लिहिलेला. रंग बदलायचा असेल तर आरटीओत नोंद करावी लागते. मूळ छटा पाहायची असेल तर सीटखाली किंवा हेडलाइटच्या आत बघा, तिथे ऊन लागलेलं नसतं.

पत्रा घासून झाला की त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमर. खड्डे असतील तर लांबी (पुट्टी) भरा, पण पातळ थरात. जाड लांबी पुढच्या उन्हाळ्यात तडकते. स्प्रे कॅनने काम होतं, मात्र त्या रंगावर पेट्रोल सांडलं की तो निघतो. म्हणून टाकीचा भाग तेवढा डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडून हार्डनरवाल्या रंगात करून घ्या. पावसाळ्यात रंग देऊ नका, हवेतल्या दमटपणाने पांढुरकी झाक येते. स्टिकर रेडियमवाला कापून देतो. जुन्या स्टिकरचा फोटो पट्टी ठेवून, समोरून काढलेला असावा.

आणि जुना रंग निम्म्याहून अधिक शाबूत असेल तर तो ठेवा, असं मी मनापासून सांगतो. वडिलांच्या गुडघ्याने घासून उडालेला रंग पुन्हा कोणत्याही दुकानात मिळत नाही. गंजलेल्या जागा तेवढ्या साफ करून त्यावर स्वच्छ लॅकर मारला की तीच गाडी ओळखीची राहते.

पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचं? ई२० चालतं का?

जुन्या इंजिनला लिटरमागे २५ ते ३० मिलिलिटर चांगलं टू-टी ऑइल, आणि नवीन रिंग-पिस्टन घातलं असेल तर पहिल्या दोन-तीन टाक्यांना थोडं जास्त. ऑइल आधी बाटलीत थोड्या पेट्रोलमध्ये मिसळून मग टाकीत ओता. पंपावर टू-टी मिळेलच असं नाही, सीटखाली छोटी बाटली ठेवा.

पंपावर आता बहुतेक ई२०च, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबराला फुगवतं. इंजिन त्यावर चालतं, पण पेट्रोलची नळी, कॉकचं वायसर आणि कार्बोरेटरचं पॅकिंग नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या रबराचं घाला. इथेनॉलमुळे मिश्रण जरा पातळ होतं, म्हणून काही दिवसांनी प्लग काढून बघा. बदामी असेल तर ठीक, पांढराफटक असेल तर जेट एक नंबर मोठा लागेल.

घरातला सोळा वर्षांचा मुलगा चालवू शकतो का?

५० सीसीपर्यंतच्या, गिअर नसलेल्या दुचाकीचा परवाना सोळाव्या वर्षी पालकांच्या संमतीने मिळतो. परवाना काढल्यावर आणि हेल्मेट घालून, चालवू शकतो.

इंजिन काढून इलेक्ट्रिक मोटर बसवली तर?

मान्यता नसलेला बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतो, आणि मान्यता मिळवण्याचा खर्च या बजेटबाहेरचा आहे. विजेवरची लुनाच हवी असेल तर ई-लुना फेब्रुवारी २०२४ पासून बाजारात आहे. जुनीला तिचं इंजिन राहू द्या.

चालू झाली! आता पुढे काय?

पहिल्या दिवशी लांब जाऊ नका. दहा मिनिटं चालवा, पूर्ण थंड होऊ द्या, सगळे नट पुन्हा आवळा, विशेषतः हेडचे, चाकांचे आणि सायलेन्सरचे. पेट्रोलचा वास येतो का बघा. पहिल्या आठवड्यात सलग चढ आणि डबलसीट टाळा. ब्रेक शू घासून बसेपर्यंत थांबायला जास्त अंतर लागतं, हे लक्षात ठेवा.

पावसाळ्यात महिनाभर उभी राहणार असेल, तर कॉक बंद करून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्बोरेटर रिकामा होतो. टाकी काठोकाठ भरा. रिकाम्या जागेतच दव धरतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. प्लगच्या भोकातून चमचाभर टू-टी सोडून दोनदा पायडल फिरवा. प्लास्टिकचं आवरण घालू नका, आत घाम धरतो. जुनी सुती चादर पुरे. आणि गाडी मधल्या स्टँडवर, टायर जमिनीपासून उचललेले राहतील अशी ठेवा. पुढचं चाक टेकत असेल तर खाली फळीचा तुकडा सरकवा.